काम पूर्ण

ॲप वापरून पोरगं कसं सुधरलं, असलं काही वाचायला आला असाल तर सांगून टाकतो, मी सुधरलो न्हाई. ॲप मात्र लई चांगलं होतं. काम त्यात बोलून टाकायचं. वेळ झाली की त्यातली बाई मराठीत विचारायची, "काम झालं का?"

त्या दिवशी एकच काम होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली आत्या चाकूरहून रेल्वेनं येणार होती. तिला साडेचारला मुदखेड स्टेशनवरून घरी आणायचं होतं.

चारला बाईनं विचारलं. मी पलंगावर पडल्या पडल्या म्हणलो, "करून राहिलो." म्हणजे आमच्याकडच्या बोलीत, करतोच आहे. बाई बहुतेक पुण्याची असावी. तिनं नुसतं 'करून' धरलं, "शाब्बास! काम पूर्ण! आता आराम करा," म्हणली आणि फोनची रिंगही बंद केली. एवढ्या आदरानं मला घरात कोणी बोलत न्हाई. मी आराम केला.

सव्वासहाला आत्या ऑटोनं आली. मी तिला फोनवरची हिरवी टिक दाखवली आणि बाईच्या आवाजात म्हणलो, "शाब्बास! काम पूर्ण! आता आराम करा."

आत्या हसली न्हाई. "मुडद्या, दीड घंटा बाकड्यावर बसले! पाय बघ कसा सुजला. सात डाव फोन लावला तुला. कोण कुठली फोनातली बाई झोप म्हणली की झोपतोस, अन् सख्खी आत्या बोंबलून राहिली ते ऐकू येत न्हाई?"