आवाज बंद कर, पोरी

मोलगीजवळ ज्या शाळेत मी शिकवते, तिथे मोबाइलला रेंज येते ती पटांगणाच्या टोकाला, मोहाखाली. मधल्या सुट्टीत तिथे गेले आणि जयेशभाईंचा निरोप दिसला... ‘आई गेली.’ प्रकाशा गावची जमनाकाकी गेली.

आमच्या पावरा आदिवासींच्या पाड्यातून कॉलेजात गेलेली मी पहिली, हे मी ताठ मानेने सांगते. शहाद्याला शिकताना राहिले काकीकडे. गुजर शेतकऱ्याचं घर, केळीची बाग आणि एकटी बाई. मुलगा जयेश पोलंडात, बायको तिथलीच, एवा. ‘पावऱ्यांची पोर घरात ठेवी?’ असं शेजारीण म्हणाली, तेव्हा काकीने विचारलं, ‘मंग तू येस का मन्हा सोबतले?’ माझ्याकडे पावरी आणि पुस्तकातली मराठी, तिच्याकडे गुजरी आणि अहिराणी. त्यामुळे सुरुवातीला बोलणं कमी, टीव्ही जास्त.

एका संध्याकाळी परदेशी सिनेमा लागला. वेगवेगळ्या देशांतल्या तीन गोष्टी. कुठे टॅक्सीवाला, कुठे कोळ्याची म्हातारी विधवा, कुठे दवाखान्यातली नर्स. प्रत्येकाची भाषा वेगळी, खाली इंग्रजी अक्षरं. मी वाचून सांगू लागले तर काकी म्हणाली, ‘आवाज बंद कर, पोरी. मी सांगस ती काय बोली ऱ्हायनी ते.’ मग म्हातारीचं ती अहिराणीत बोलली, नर्सचं मी पावरीत. तिन्ही गोष्टींचं काकीने एकच घर करून टाकलं: टॅक्सीवाला म्हातारीचा मुलगा, नर्स तिची सून. सिनेमा संपला, कोणी कोणाला भेटलं नाही. ‘इतला मोठा पिच्चर काढा, आन् मायले सून भेटाडी नही,’ म्हणत ती चिडूनच झोपायला गेली.

तिचं दुखणं तेव्हा मला कळलं. एवाशी तिचं कधी धड बोलणंच झालं नव्हतं. फोनवर जयेशभाई मधे दुभाषी. ‘मी इतलं बोलस, हाऊ दोन शब्दात उरकस. तिन्हासंगे बोलनं व्हवाना आगोदरच मी मरी जासू.’

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर जयेशभाई चहा करायला उठले, तशी काकी मला म्हणाली, ‘आवाज बंद कर.’ केला. काकीने पदर सावरला आणि बोलत सुटली... केळी, गुडघा, शेजारीण. एवा आधी गोंधळली, मग हसली, मग तिनेही काहीतरी मोठं सांगायला घेतलं. मधेच तिने डोळे पुसले, काकीनेही. जयेशभाई परत आले, काय बोललात विचारू लागले. ‘तुन्ही चुगली,’ आवाज चालू करायला लावून काकी म्हणाली. नंतर दर रविवारी हेच; कधी फोन टीव्हीसमोर धरून तिघी मिळून सिनेमाचंही, म्हातारीचं नेहमी काकी.

यंदा केळी कापली की दोघं येणार होते. आले, पण तेराव्याला. पाहुणे पांगल्यावर मी आणि एवा काकीच्या झोपाळ्यावर बसलो, मधली जागा सोडून. जयेशभाई दारात, सांगायला तयार. एवाने हातानेच त्यांना थांबवलं. उशाला रिमोट होता; बाकी बटणं नव्यासारखी, आवाज बंद करायचं तेवढं झिजून गुळगुळीत. तिने टीव्ही लावला आणि त्या बटणावर अंगठा दाबला. मालिकेतली एक बाई बोलत होती, तिचं एवा आपल्या भाषेत बोलली. दुसरीचं मी पावरीत. मग दारातून एक म्हातारी आली, तिचे ओठ हलू लागले...

तिचं कोणीच बोललं नाही.