इंजिनाची दांडी

आज कारखान्यात कापडाच्या लूमला तेल घालताना हाताला तो वास लागला आणि सुरतेतल्या उधन्याच्या आमच्या खोलीतली दुपार आठवली. पायलट व्हायला निघालेली माझी मुलगी कॉम्प्युटरवर विमान उडवायचा सराव करत होती. टेबलाला इंजिनाचा जोर कमीजास्त करायची दांडी स्क्रूने बसवलेली, पडद्यावर आमची तापी आणि तिच्यावरचे पूल, अगदी खरेखुरे. मी पाळी संपवून तिच्या मागे उभा होतो. एकाएकी विमानातला धोक्याचा भोंगा वाजला, विमान डगमगलं. धागा तुटला की आधी मशीन थांबवायचं, ही माझी पंचवीस वर्षांची सवय. मी हात घालून दांडी मागे ओढली. इंजिन गप्प झालं आणि विमान नदीत गेलं. “शुं कर्युं, पप्पा?” म्हणजे, काय केलंत हे; रागावली की ती गुजरातीत बोलते. दांडीवरचा माझा तेलाचा डाग पुसत मग म्हणाली, “विमान असं पडायला लागलं की नाक खाली करून वेग घ्यायचा, इंजिन वाढवायचं.” पडतंय त्याला आणखी खाली? मला काही उमगेना. आता ती लांब, खऱ्या विमानावर शिकते. सकाळी तिचा फोन आला, “पप्पा, भीती वाटते. सोडून येऊ का?” ‘ये’ म्हणायला मी तोंड उघडलं, पण निघालं ते, “नाक खाली कर, पोरी, इंजिन वाढव.”