नैनितालच्या तळ्यात काका-काकी

आमचा धंदा ट्रकचा. बंदराबाहेर गाडी लायनीत लागली की नंबर येईपर्यंत करायचं काय? किस्से सांगायचे. एकाचा संपतो न संपतो तोच दुसऱ्याचा सुरू. गेल्या दिवाळीपासून मात्र सगळ्यांची एकच फर्माईश, नैनितालचं सांग!

आम्ही आठ जण गेलो होतो, सगळे पेणकडचे. थंड हवा हे निमित्त. हिराजीकाकांनी काकीला न विचारता घरचं मिठागर भराव टाकून बुजवलं आणि तिथे ट्रक उभे केले. त्या दिवसापासून काकीने त्यांच्याशी बोलणं टाकलं. सात महिने! काका समोर बसलेले असले तरी काकी मला म्हणायची, "यांना सांग, जेवन वाढलंय." मधल्यामधे मी पुतण्या कंटाळलो. म्हटलं, दोघांना नेऊन तर बघू.

*

घाटासाठी तिकडची गाडी भाड्याने केली. ड्रायव्हरही तिकडचाच. पण मागे बसलेल्या आठांतले सहा ड्रायव्हर! प्रत्येक वळणावर सहा उजवे पाय एकदम ब्रेक दाबायचे. शेवटी त्याने गाडी बाजूला घेतली, चावी काढून पुढे धरली आणि शांतपणे विचारलं, "पहले बता दीजिए, चलाएगा कौन?"

पुढचा घाट आम्ही मांडी घालून चढलो.

*

तळ्यावर पोचल्या पोचल्या काकांनी वाकून पाण्यात बोट बुडवलं आणि चाखलं. जन्मभर मिठागरात पाणी जिभेनेच जोखलेलं, दुसरं काय सुचणार? सेल्फीवाले थांबून बघायला लागले. काकांनी पुन्हा एकदा चाखून निकाल दिला, "गोडं हाय. एवढं पानी, आन् कामाचं न्हाय."

सगळ्यांची पाठ वळल्यावर काकीनेही हळूच बोट बुडवून चाखलं. मी बघितलं ते तिने बघितलं, आणि पदराला बोट पुसून ती चालायला लागली.

*

रोपवेला काकांचे धाकटे भाऊ, आमचे तात्या, अडून बसले. ट्रॉलीभोवती फेरी मारली, खाली वाकून बघितलं. ट्रकला आरटीओचं पासिंग लागतं, मग हिला नको?

"इसका पासिंग कब हुआ?"

रोज तपासणी होते, असं तिथल्या माणसाने सांगितलं. तात्या म्हणाले, "फिर आप भी बैठो."

तो बिचारा आमच्याबरोबर वर आला. येताना तात्यांनी त्याला परत खालीही आणलं.

*

वर एक दुर्बीणवाला होता. समोर नुसतं धुकं, तरी तो हिमालयातलं एकेक शिखर नावानिशी सांगत होता. काकीने बराच वेळ डोळा लावला. मग मला म्हणाली, "यांना सांग, कायपन दिसत न्हाय. पन बघून घ्या."

काका गेले, तेवढाच वेळ वाकून उभे राहिले आणि परत येऊन मला म्हणाले, "तिला सांग, बघितला."

तेवढ्यानेही मला बरं वाटलं.

*

शेवटच्या दिवशी पायाने मारायची बोट. मी मुद्दाम दोन सीटची घेतली आणि दोघांनाच बसवलं. वळवायला मधे एकच दांडा. काका तो डावीकडे ओढायचे, काकी उजवीकडे. बोट काठाजवळच गरागरा फिरत राहिली. मग काकीने काकांचा हात झटकून दांडा आपल्याकडे घेतला आणि बोट सरळ तळ्याच्या मध्यावर नेऊन थांबवली.

बोलणं काही ऐकू येत नव्हतं. काकीचे हात तेवढे दिसत होते, एकदा काकांकडे, एकदा आभाळाकडे. काका मान खाली घालून. सात महिन्यांचं सगळं निघत असणार. मग तिचे हात थांबले. काकांनी मान वर केली आणि काहीतरी बोलले.

अर्धा तास संपला. बोटवाल्याने शिट्टी मारली. पुन्हा मारली. बोट हलेना. तो माझ्यावर चिडला, तेव्हा मी हात तोंडाशी धरून ओरडलो, "काकी, टाइम संपला! परत या!"

काकी वळली. तळ्याच्या मधोमध, गोड्या पाण्यात बसून तिने खणखणीत आवाजात उत्तर दिलं,

"आता ओहोटी हाय! भरती लागली का दोघा येताव!"