परीट आला की

लडाखमधल्या आमच्या पोस्टवर उन्हाळ्यात एक पाहुणा असायचा. राखाडी-पांढरा, चिमणीपेक्षा लांबट, शेपटी सतत वरखाली. लंगरमागे भांडी धुतलेल्या पाण्यात किडे टिपत फिरायचा. मी सोलापूरच्या भवानी पेठेतला. आमच्या परसात मोरीपाशी तो दर हिवाळ्यात येतो. आम्ही त्याला परीट म्हणतो.

लान्स नायक बिरा सोलापूरजवळच्या कुंभारीचा, मेंढपाळाच्या घरातला. मी हवालदार, पण दोघंच असलो की तो मला सलीमभाई म्हणे. गाववाले म्हणून आमचं चांगलं मेतकूट जमलं होतं. सप्टेंबरात परीट दिसेनासा झाला, तेव्हा बिरा वैतागला.

"बगा की, ह्येला रजा मिळाली, आन् मी अजून हितंच."

मग त्याचीही रजा मंजूर झाली. त्याने आईला फोन करून सांगितलं, मेंढरांत परीट दिसला की समज, त्याच्या मागनं मी आलोच. फौजेत रजा पदरात पडेपर्यंत कोणी घरी तारीख कळवत नाही. बिराने तारीख नाहीच कळवली, परीट कळवला.

त्या आठवड्यात बर्फ लवकर पडलं. सकाळी बिराची गस्तीची तुकडी निघाली. रेडिओ सेटवर मी होतो; तुकडीचं सांकेतिक नाव चार्ली.

"चार्ली, रिपोर्ट."

"नाला पार करतोय. सब ठीक. ओव्हर."

आवाज बिराचा होता. पुढचा रिपोर्ट आला नाही. मी हाका मारत राहिलो. वरून बर्फाचा कडा सुटला होता. बाकीचे जिवंत निघाले. बिरा दुपारी सापडला.

शवपेटीबरोबर मीच कुंभारीला आलो. परीट आधीच पोहोचला होता. तो दिसला म्हणून आईने अंगण सारवून ठेवलं होतं. आमच्या बुटांनी ते उखडलं. ते अंगण माझ्या डोळ्यांपुढून आजही जात नाही.

आता मी रिटायर आहे. ऑक्टोबरात परसात परीट उतरला की मी कुंभारीला जातो. आई बाहेर बसलेली असते. मेंढरांत परीट दिसला की ती ढेकूळ उचलायची. खोटारडा म्हणायची त्याला. मला वाईट वाटायचं.

यंदा तिचे गुडघे गेलेत. परीट समोर येऊन नाचू लागला. तिला उठवेना, म्हणून मीच ढेकूळ उचललं. तिने माझा हात धरला.

"सलीम, बिरानं ह्येला तिकडं वर बघितलं व्हतं न्हवं?"

"व्हय आई. रोज."

ती पक्ष्याकडे वळली.

"म्हंजी मी न्हवते तितं माझ्या लेकराला तुमी दोघांनी बघितलंय. टाक खाली त्ये ढेकूळ. बसा दोघं."

मी बसलो.