सिग्रिडनं बंदुकीचं तोंड बदललं

"ते भोकांचं डबडं नळीवर आहे तोवर मी काही तुझ्या शेजारी पालथा पडायचा नाही," ओडेलनं बहिणीला सांगून टाकलं. आणि सांगता सांगता तिच्याच घरची कॉफी तिसऱ्यांदा कपात ओतून घेतली.

सिग्रिड लोकन सदुसष्ट वर्षांची, ओडेल तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. मोंटानात त्यांच्या गावावर जी डोंगराची धार आहे, तिथं दोघं चाळीस वर्षं एल्क हरणांच्या मागं जोडीनं जात आलेली. नेम सिग्रिड धरायची. ओडेल शेजारी पालथा पडून मोठ्या दुर्बिणीतून बघायचा आणि गोळी कुठं लागली ते सांगायचा. त्यांच्या बापानं घालून दिलेला नियमच होता तो: बघणारं कुणी नसेल तर बार टाकायचा नाही. जखमी जनावर रानात तडफडत ठेवून घरी येणाऱ्याला बाप जेवायला ताट देत नसे, मग तो पोटचा पोर का असेना.

दोन वर्षांपूर्वी सिग्रिडचा उजवा खांदा बदलला. डॉक्टरांनी आत नवा सांधा बसवला आणि बजावलं की आता जुन्या बंदुकीचे दणके पुरे झाले. मग लेकी-जावयांनी मिळून तिला नवी रायफल आणून दिली. तिच्या नळीच्या टोकाला कारखान्यातूनच ब्रेक आलेला. ब्रेक म्हणजे बोटभर लांबीची पोलादी टोपी, तिला चहूबाजूंनी भोकं. गोळीमागचा वायू त्या भोकांतून बाहेर पडतो आणि खांद्याला बसणारा दणका निम्मा होतो. खांदा खूश, सिग्रिड खूश.

खूश नव्हता तो ओडेल. चहूबाजूंनी भोकं म्हणजे खालच्या बाजूलाही आलीच की. गेल्या ऑक्टोबरात धारेवरच्या कोरड्या मातीत दोघं पालथी पडली, समोर दांडगा नर उभा, सिग्रिडनं चाप ओढला, आणि खालच्या भोकांतून जो फुफाटा उठला तो थेट ओडेलच्या डोळ्यांत. टोपी उडाली, दुर्बीण आडवी झाली, आणि तोंडात माती असूनही तो जे बोलला ते सिग्रिडला अजून पाठ आहे. नर गेला. लागला की नाही, कुणालाच दिसलं नाही. बापाचा नियम मोडायचा नव्हता, म्हणून दिवसभर दोघांनी सगळा उतार पालथा घातला. रक्ताचा एक थेंब सापडला नाही. चुकली होती गोळी. पण हे कळायला सूर्य मावळला.

"म्हणून म्हणतो," ओडेल म्हणाला, "एकतर ते डबडं काढ, नाहीतर यंदा मी जातो मेहुण्याबरोबर, माझ्या बायकोच्या भावाबरोबर."

"जा की. तो झोपतो बंदूक उशाला घेऊन. छान जमेल तुमचं."

बोलायला बोलली, पण ओडेल गेल्यावर ती खिडकीतून बराच वेळ त्या धारेकडे बघत बसली. ब्रेक काढला तर खांदा जातो. ठेवला तर भाऊ जातो. आणि भाऊ नाही तर बार नाही. मोसम सुरू व्हायला दहा दिवस उरलेले.

तिनं दुसरा ब्रेक मागवला. ह्याला भोकं फक्त दोन्ही बाजूंना आणि वर, खालून साफ बंद. डबा घरी आला त्याच दिवशी तिनं बाह्या सारल्या. गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं आणि नवऱ्याबरोबर गवताच्या शेतात पाण्याचे पाइप जोडण्यात चाळीस वर्षं काढलेली बाई ती. पाना हातात आला की तिला कुणाला विचारायची सवय नव्हती.

बंदूक रिकामी आहे हे तिनं दोनदा बघितलं, बोल्ट, म्हणजे गोळी उडवणारी मागची दांडी, काढून फ्रिजवर ठेवला. नळीला नवऱ्याच्या जुन्या पट्ट्याचं कातडं गुंडाळलं आणि ती गोठ्यातल्या पोलादी पकडीत आवळली. जुना ब्रेक हलेना. कारखान्यानं तो आट्यांत चिकटवून टाकलेला. थंडीत गोठलेले पाइप मोकळे करायचं गरम हवेचं यंत्र होतं, ते तिनं त्याच्यावर धरलं, पाना लावला, आणि त्या ब्रेकला तीन शब्द ऐकवले, जे शाळेत तिनं कधी उच्चारले नव्हते. ब्रेक कुरकुरला आणि सुटला.

नवा मात्र वेगळाच निघाला. घट्ट आवळला की त्याची वरची भोकं एका अंगाला कलायची, दारुड्याच्या टोपीसारखी. सरळ करावा तर सैल राहायचा. जुन्याला सगळीकडून भोकं, तो कसाही थांबला तरी चालायचं. ह्याला वर-खाली होतं. सिग्रिडनं जरा विचार केला आणि फळीवरची पांढरी टेप काढली, पाइपाच्या आट्यांना गुंडाळतात ती. पाच वेढे दिले. आवळला. भोकं बरोबर आभाळाकडं तोंड करून थांबली, आणि ब्रेक दगडासारखा घट्ट.

"झालं!" ती गोठ्यात एकटीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओडेल आला, चष्मा कपाळावरून खाली ओढून त्यानं टोक बघितलं. आट्यांच्या कडेनं पांढरं काहीतरी डोकावत होतं.

"सिग, हे काय गं?"

"टेप."

"बंदूक गळत होती का तुझी?"

"हसू नको. सरळ बसलाय की नाही बघ."

"बसलाय. पण एर्विनला दाखवल्याशिवाय तू बार काढणार असशील, तर मी पलीकडच्या तालुक्यात उभा राहीन."

एर्विन म्हणजे गावातला बंदुका दुरुस्त करणारा. पन्नाशीचा गडी, पण सिग्रिडच्या हातची शाळेतली मिरची-बीन्सची आमटी आणि तिच्याबरोबरचा दालचिनीचा गोड रोल खाऊन वाढलेला. त्याच्याकडं ती गेली ती खरं तर आपलं काम मिरवायला.

"मिसेस लोकन! या, बसा."

"बसायला नाही आले. हे बघ आणि सांग त्या ओडेलला, बरं झालंय म्हणून."

एर्विननं टेप बघितली, पण हसला नाही. त्यानं नळीच्या मापाची लांब सरळ सळई काढली आणि मागून हळूच आत सरकवली. सळईचं टोक ब्रेकपाशी आलं आणि टिक् असा बारीक आवाज झाला.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"सळई ब्रेकच्या आतल्या कडेला टेकली. टेप दबते, मिसेस लोकन. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. वरून सरळ दिसतो, आतून तिरका आहे. गोळी ह्या कडेला घासली असती. ब्रेक उडाला असता, आणि शेजारी जो असता..."

सिग्रिड स्टूल ओढून बसली. शेजारी कोण असता हे तिला सांगायला नको होतं.

"पाण्याला चालतं रे ते," ती हळूच म्हणाली.

"पाण्याला चालतंच. मी पण घरी तीच वापरतो." आता तो हसला. "उठा. तुम्हीच करायचं. मी नुसता बघणार. तुम्ही आम्हाला वाटाणे संपवल्याशिवाय उठू द्यायच्या नाहीत, तसं."

"तू ते खिशात भरायचास. मला ठाऊक होतं."

एर्विननं केसासारख्या पातळ पोलादी चकत्यांची डबी पुढं केली. सिग्रिडनं आटे ब्रशनं घासून टेपचा कण न् कण काढला. एक चकती घातली, ब्रेक आवळला, कललेला. काढला. दोन घातल्या, कमी कलला. काढला. तिसरी सगळ्यांत पातळ घातली. ब्रेक फिरला आणि भोकं वर आली तिथंच घट्ट झाला. एर्विननं पाणसळ ठेवली, बुडबुडा मधोमध. मग सळई. ह्या वेळी ती आरपार गेली, चहूबाजूंनी सारखी फट ठेवून. सिग्रिडनं कान लावून ऐकलं. काही वाजलं नाही.

"आणि नेम आता हललेला असणार," एर्विन म्हणाला. "खडीच्या खाणीत जाऊन जुळवून घ्या."

रविवारी दुपारी खाणीत ओडेल आला खरा, पण दहा पावलं मागं, कानांवर जाडजूड कर्णबंद आणि डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचा वाटावा असा चष्मा.

"इतका लांब का रे?"

"इथून नजारा छान आहे."

सिग्रिडनं आपला कर्णबंद चढवला, ती पालथी पडली, चाप ओढला. दणकून आवाज झाला, खडी थरथरली, आणि ओठांवर मात्र धुळीचा कण नाही. मागं वळून बघितलं तर ओडेल दुर्बिणीला डोळा लावून उभा.

"चार बोटं खाली, दोन डावीकडं!" तो ओरडला.

तिनं बंदुकीवरच्या दुर्बिणीचा वरचा स्क्रू फिरवला, बाजूचा फिरवला. दुसरी गोळी. आता तो पाच पावलांवर आला होता. "बोटभर उजवीकडं." तिसऱ्या गोळीच्या आधी तो कुरकुरत, गुडघे कटकट वाजवत तिच्या डाव्या अंगाला मातीत उतरला आणि दुर्बीण जमिनीवर टेकवली. सिग्रिडनं मान वळवली नाही. वळवली असती तर तिला हसू आलं असतं आणि गोळी ढगात गेली असती.

तिसरी मध्यावर. चौथी तिला चिकटून. पाचवी मात्र तळहातभर वर.

"हे काय झालं?" तिनं कर्णबंद काढून विचारलं.

"डोळे मिटलेस तू. चाप ओढताना."

"काहीतरीच!"

"अगं मी बघितलं ना. गोळी गेली तेव्हा दुर्बिणीवरून नजर काढून तुझ्याकडंच बघत होतो. आता सगळं दिसतं मला. चाळीस वर्षं म्हणत होतीस, मी कधी डोळे मिटत नाही."

"चाळीस वर्षं मिटत नव्हते. तू इतक्या जवळ येऊन घोरल्यासारखा श्वास घेतोस त्यानं मिटले."

"श्वास घेऊ नको म्हणतेस?"

"चाप ओढेपर्यंत नाही घेतलास तरी चालेल."

ओडेल तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला. अंगावरची खडी झटकली, दुर्बीण पेटीत नीट ठेवली, पेटी घट्ट बंद केली. सिग्रिड रिकामी काडतुसं वेचत राहिली. शनिवारी मोसम सुरू होत होता; तो येणार का, हे विचारायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

"शनिवारी साडेचारला येतो मी," गाडीकडं जाता जाता तो मागं न बघताच म्हणाला. "पहाटेच्या. आणि मेहुण्याला तूच कळव. मला नाही जमणार, तो रडतो."