ज्युलियानाचं पुण्य

ठाण्यात टेंभी नाक्याच्या पलीकडे जी ख्रिस्ती वाडी होती, तिथं १८८६ साली पुण्यवान म्हणाव्या अशा तीन बाया होत्या. त्यांपैकी दोघी वारलेल्या, त्यामुळे त्यांच्याबद्दल मतभेद नव्हते. तिसरी ज्युलियाना, वय वर्षं बावीस, जिवंत. आणि आपण पुण्यवान नाही हे पक्कं ठाऊक असलेली वाडीतली ती एकटीच.

पुण्य तिच्या पदरात पडलं ते असं. पावसाळा सरता सरता तिला एमा झाली. पोर नाकीडोळी नीटस, पण दूध ओढू लागली की आठ-दहा घोटांत दमायची. कपाळाला घाम सुटायचा, ओठ जांभळे पडायचे, मग छाती सोडून नुसत्या धापा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरानं नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि काळजात जन्माचीच खोट आहे, असं सांगितलं. औषध नाही. दूध मात्र आईचंच द्या, थोडं थोडं, दिवसभर. सल्ला चांगला होता. न ओढलेलं दूध आटतं, एवढंच डॉक्टरच्या पुस्तकात नसावं.

ते सासूला, जॉर्जिनाला ठाऊक होतं. तिनं जन्मभर म्हशी पाळल्या होत्या.

"म्हस पान्हावते कशी? आधी रेडकू लावतात, मंग धार काढतात," ती म्हणाली. "तुना पन एक रेडकू पायजे, बाये."

रेडकू शेजारीच होतं. मिठागरावर काम करणाऱ्या कॉस्मासची बायको बाळंतपणात गेली होती, आणि तिचा टोनी मिळेल त्या बाईकडे दूध पीत वाडीभर फिरत होता. जॉर्जिनानं त्याला उचलून आणलं. त्यानं असं ओढलं की ज्युलियानाच्या पाठीपर्यंत कळ गेली आणि पान्हा दोन्हीकडे फुटला. एकीकडे टोनी प्यायचा, दुसरीकडची धार जॉर्जिना वाटीत धरायची. त्यातलं लागेल तेवढं ती सुनेच्या हातात द्यायची, आणि ज्युलियाना ते एमाला शिंपल्यानं थेंब थेंब पाजायची. दिवसाकाठी वीसेक वेळा. एमा फारशी वाढली नाही, पण मेलीही नाही.

वाडीनं यातलं अर्धंच पाहिलं. स्वतःचं पोर असं आजारी, तरी आईवेगळं पोर पाजते! पाद्रीबाबांनी प्रवचनात नाव न घेता उल्लेख केला, म्हणजे सगळ्यांना नाव कळलं. बाया मासळीचं कालवण आणून देत. ज्युलियाना ते खायची, कारण दूध टिकवायचं होतं. आणि प्रत्येक घास चोरीचा लागायचा.

शिवाय आणखी एक गोष्ट होती. टोनीला पाजताना तिला बरं वाटायचं. त्याचं वजन, त्याची ढेकर, पोट भरल्यावर हातपाय सैल सोडून झोपणं. एमाला पाजताना ती श्वासाकडे कान लावून बसायची. टोनीला पाजताना तिचा डोळा लागायचा. एकदा दोघं एकदम रडली आणि ती आधी टोनीकडे गेली. हे तिनं कबुलीत सांगितलं. पाद्रीबाबा नवखे होते. त्यांच्याजवळ पापांची यादी चांगली लांब होती, पण त्यात हे नव्हतं. परक्या लेकरावर माया करणं पाप नव्हे, असं म्हणून त्यांनी प्रायश्चित्त म्हणून तीन 'नमो मारिया' म्हणायला सांगितल्या. ती तीस म्हणाली. फरक पडला नाही.

टोनीला दात आले. या वयात पोराला पेज लावतात. ज्युलियानानं लावली नाही. त्याचं पोट पेजेनं भरलं तर तो ओढणार कमी, दूध आटणार, एमा जाणार. दहाव्या महिन्यात टोनीच्या मांड्यांच्या वळ्या गेल्या. बाया म्हणाल्या, दातांमुळे.

मग कल्याणहून आगगाडीनं कॉस्मासची बहीण सेलेस्टीन आली, भाच्याला न्यायला.

"काय गो, हा असा सुकला कशानं? पेज खातो का नाय?"

"नाय खात," ज्युलियाना म्हणाली. "थुकून टाकतो."

सेलेस्टीन ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारी नव्हती. तिनं स्वतः पेजेचा चमचा त्याच्या तोंडात घातला. टोनीनं असलं काही जन्मात चाखलं नव्हतं. त्यानं सगळं आत्याच्या लुगड्यावर थुंकलं.

"खरंच की! ऱ्हाऊदे बाये, तुझ्याकडंच ऱ्हाऊदे. देव तुझं भलं करो."

खोटं असं साक्षीनिशी खरं ठरलं, आणि सेलेस्टीन परत गेली.

संध्याकाळी कॉस्मास पोराला बघायला आला तेव्हा ज्युलियानाला राहवेना.

"भाव, मी खोटं बोलली. त्याला पेज लावलीच नाय कधी. माझं दूध आटंल म्हनून. तुझा पोर माझ्या घरात रेडकू हाय."

"रेडकाचं ठाव हाय मना," कॉस्मास म्हणाला. "तुझ्या सासूनं पयल्याच दिशी सांगितलं. मी हो बोललो." मग त्यानं टोनीची मांडी दोन बोटांत धरून पाहिली. "पेजेचं नव्हतं ठाव."

"शिव्या दे मना."

"शिव्या देऊन कोन जाडा होतो?" तो उठला. "काय करायचं ते तूच ठरव. मना तुझी पोरगी मारायची नाय."

सकाळी तिनं पेज केली. टोनीनं दोन चमचे थुंकले, तिसरा गिळला, मग वाटी चाटून आणखी हवी म्हणून जमिनीवर हात आपटले. तो किती भुकेला होता हे तिला आजवर माहीत होतं. आता ते दिसलं.

दुपारी दुधाची वाटी निम्मीच भरली. ज्युलियाना रडकुंडीला आली.

"आये, आता एमाला कसं पुरंल?"

"पुरंल की," जॉर्जिना म्हणाली. "ती पिते केवढं? उरलेलं नासतं, ते रोज पपईच्या झाडाला घालते मी."

"रोज? मना सांगितलं नाय कधी!"

"तू कधी इचारलंस? आनि टोनीचं पोट तर भरत व्हतं ना?"

ज्युलियाना पुन्हा पेज टाकायला उठली.

एमा त्यानंतर चार वर्षं जगली. तसल्या काळजाच्या मानानं हे पुष्कळ होतं, आणि वाडीनं त्याचं श्रेय आईच्या पुण्याला दिलं. ज्युलियानानं नाही म्हणणं सोडून दिलं होतं; लोक ऐकत नाहीत. टोनी मोठा झाला, कल्याणला आत्याकडे राहू लागला, अधूनमधून ठाण्याला यायचा. तो जेवायला बसला की ती न विचारता वाढायची, आणि तो ताटावर आडवा हात धरून "पुरे" म्हणाला, तरी बोटांच्या फटीतून आणखी एक डाव भात सोडायची.