जांभळं ब्रेक ऑइल

माझ्या भावाला सगळे ब्रेकमास्तर म्हणतात. मी दादा म्हणते, आणि हल्ली तेवढंही तोंडातून जड निघतं.

इंजिनाला तो हात लावत नाही. त्याचं गॅरेज फक्त ब्रेकचं. गाडी आली की हा उजव्या पायातला बूट काढणार, आत बसून नुसत्या तळव्याने पेडल दाबणार, डोळे मिटणार आणि सांगणार, मागचं डावं चाक कमी धरतंय. गिऱ्हाईक थक्क. चूक निघायचीच नाही, हे मी रागातसुद्धा कबूल करते. पण माणसाचं सारखं बरोबर येत गेलं की त्याच्या डोक्यात वारं शिरतं. दादाच्या डोक्यात ते कधीचं शिरलं होतं.

वहिनी गेली तेव्हा भाची चालायला शिकत होती. मी बोचकं घेऊन गॅरेजच्या वरच्या खोलीत आले ती तिथलीच झाले. पोरगी खाली जॅक आणि पान्यांत वाढली. तिला गाडी दादानेच शिकवली, आणि शिकवली ती चांगली. चढावर थांबवलेली गाडी ती तसूभर मागे न जाऊ देता काढायची. पुढे तिने शाळेच्या मुलांची ने-आण करायला एक व्हॅन घेतली. जुनीच, पण एबीएसवाली. म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा असलेली. सकाळी सगळ्या मुलांना ती नावाने हाक मारून आत घ्यायची. तिच्या आयुष्यात तिचं स्वतःचं असं तेवढंच होतं.

दादा म्हणाला, "ब्रेक मी करणार. माझ्याकडून भेट."

आणि त्याने कपाटातून जांभळ्या ऑइलचा डबा काढला. त्या डब्यामागे एक जुना मोठेपणा होता. एका शौकीन माणसाच्या जुन्यापुराण्या गाड्या दादा सांभाळायचा. वर्षभर त्या शेडमध्ये झाकून उभ्या. साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि आतलं लोखंड गंजतं. हे जांभळं, डॉट फाइव्ह, पाणी पीत नाही. त्या गाड्यांना ते मानवलं, शौकीनाने चारचौघांत पाठ थोपटली, आणि तेव्हापासून दादाच्या लेखी त्याहून भारी ऑइल जगात नव्हतं.

भाची बॉनेटमध्ये वाकून म्हणाली, "बाबा, ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट फोर लिहिलंय."

"मग? चारापेक्षा पाच मोठे की नाही? शाळेत पाठवलं होतं ना तुला?"

ती हसली. मीही हसले. त्या घरात ब्रेकवरून त्याच्याशी वाद घालायची पद्धतच नव्हती.

थोड्याच दिवसांत ती म्हणू लागली की पेडल मऊ लागतंय, ओल्या फडक्यावर पाय दिल्यासारखं. दादाने त्याच्या पद्धतीने ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. तिला पेडल दाबायला लावलं, चाकाजवळचा हवा सोडायचा निपल सैल केला, आवळला. पेडल जरा कडक झालं आणि पुन्हा मऊ पडलं. भाचीने कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारलं. तिथल्या माणसाने सांगितलं, एबीएसच्या गाडीत हे ऑइल चालत नाही. एबीएसचा पंप ते घुसळतो, बारीक बुडबुडे धरतात, आणि आत अडकलेले बुडबुडे नुसत्या पायाने निघत नाहीत. मशीन लावून पंप चालवावा लागतो. गाडी घेऊन या.

दादाचा चेहरा उतरला. मग लाल झाला. "ब्रेकमास्तरच्या पोरीची गाडी दुसऱ्याच्या दारात ब्रेकसाठी उभी राहणार? माझं हसं करायचंय का?"

बापाची मान खाली जाऊ नये म्हणून ती मऊ पेडलवर गाडी चालवत राहिली. तिचं हे वागणं मला आजही पटत नाही, पण त्याच्यावरचा राग मी तिच्यावर काढणार नाही.

शेवटच्या मुलाला घरी सोडून ती उतारावरून येत होती. पुढे हातगाडी आडवी आली. तिने जोरात ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला गेलं. हातगाडीवाल्याला वाचवायला तिने व्हॅन कुंपणाच्या भिंतीवर घातली. मनगट मोडलं. नशीब म्हणायचं, आत मूल नव्हतं.

व्हॅन ओढून आणली आणि दादाने शटर अर्धं खाली ओढलं. मी चहा घेऊन गेले तर तो ऑइल काढत होता. ट्रेमध्ये जांभळं, फेसाळलेलं, आणि त्यात जुन्या पिवळ्या ऑइलचे न मिसळलेले थेंब. शेजारी नवं पिवळं ऑइल उघडून ठेवलेलं.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

"पोरीला तरी सांग."

"सांगतो." त्याने सांगितलं नाही.

मग मुलांचे आईबाप आले. भली माणसं. त्यांच्यातली एक बाई दादाला म्हणाली, "तुमच्या शब्दावर आमचा विश्वास आहे. गाडीचा दोष असेल तर दुरुस्त करा, मुलं परत पाठवू. पण चालवण्यात चूक असेल तर आम्हाला दुसरी गाडी बघावी लागेल."

भाची स्टुलावर बसली होती, हात गळ्यात अडकवलेला. ती बापाकडे बघत होती.

दादा म्हणाला, "मी स्वतः तपासलंय. ब्रेकमध्ये काही नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सगळ्यांसमोर बोलले. चुकीचं ऑइल यानेच घातलं, यानेच काढून टाकलं, मी डोळ्यांनी पाहिलं. लोक माझ्याकडे बघायला लागले, घरातल्या भांडणात सापडल्यासारखे. मग त्या बाईने भाचीलाच विचारलं, "खरं आहे का हे?"

दादाने पाना उचलला आणि फडक्याने पुसायला लागला. वर बघितलं नाही.

"आत्या, राहू दे," भाची म्हणाली. "पाय माझाच घसरला."

अजून वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं त्याला. त्याने पाना खाली ठेवला आणि मान हलवली.

"मी तिला सारखा सांगत होतो," तो म्हणाला, "सावकाश चालव म्हणून."